डेन्मार्कची इंधनचिंता

२५ नोव्हेंबर १९७३ या दिवशीं रविवार होता. डेन्मार्क देशांतील हमरस्ते त्या सकाळीं रिकामे पडले होते. संप नव्हता, लढाई नव्हती, सांथ आलेली नव्हती. सरकारनें हुकूम काढून रविवारीं खाजगी मोटारी चालविण्यास बंदी केली होती, इतकेंच. ज्या रस्त्यांवर एरवीं मोटारींची रांग तुटत नसे, त्यांवरून लोक सायकलींवर बसून अथवा पायीं फिरतांना दिसूं लागले. मुलांना या प्रकाराची मोठी मौज वाटली. वडील मंडळींना मात्र एक प्रश्न टोंचत होता. हिंवाळा तोंडावर आला आहे; घर तापविण्याचें तेल उद्यां आलेंच नाहीं, तर काय करावयाचें?

या चिंतेस आधार होता. त्या सालीं डेन्मार्कला लागणाऱ्या एकंदर शक्तीपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक भाग परदेशांतून आणलेल्या खनिज तेलापासून मिळत होता. घरांतील ऊब, कारखान्यांतील वाफ, दिव्यांतील वीज, शेतांतील ट्रॅक्टर, सर्व कांहीं तेलावर चालत असे. ऑक्टोबरांत पश्चिम आशियांत युद्ध भडकलें, अरब राष्ट्रांनीं तेलाचा पुरवठा आंखडता घेतला, आणि चार महिन्यांच्या आंत तेलाची किंमत सुमारें चौपट झाली. युरोपांतील सर्वच देशांना ही झळ लागली. परंतु डेन्मार्कइतका एकाच परक्या वस्तूवर विसंबलेला देश त्या खंडांत क्वचितच असेल.

आज या लहानशा राष्ट्राचीच हकीकत मला सांगावयाची आहे. ती अकस्मात् सांपडलेल्या खजिन्याची हकीकत नव्हे. विसाव्या शतकांत डेन्मार्कवर इंधनाच्या टंचाईचे प्रसंग तीन वेळां आले. पहिल्या दोन वेळीं त्या देशानें धडा घेतला आणि टंचाई सरतांच तो विसरूनही टाकला. तिसऱ्या वेळीं मात्र तो विसरला जाऊं नये अशी तजवीज त्यानें कायद्यानें करून ठेवली. टंचाईंत शहाणपण कोणासही सुचतें; स्वस्ताई आल्यावर तें टिकवावें कसें, हा अवघड प्रश्न आहे. तो या लोकांनीं कसा सोडविला, आणि कितपत सोडविला, हें आपण पाहूं.

प्रथम त्या भूमीकडे पाहिलें पाहिजे. डेन्मार्कचें क्षेत्रफळ सुमारें ४३,००० चौरस किलोमीटर असून वस्ती साठ लाखांच्या आसपास, म्हणजे मुंबई शहराच्या निम्म्याएवढीही नाहीं. जटलंड नांवाचें एक द्वीपकल्प आणि त्याच्या पूर्वेस विखुरलेलीं बेटें मिळून हा देश झाला आहे. जमीन इतकी सपाट कीं सर्वांत उंच टेंकडीसुद्धां समुद्रसपाटीपासून १७१ मीटरच भरते. डोंगर नाहींत म्हणून वेगानें खालीं कोसळणाऱ्या नद्या नाहींत. शेजारच्या नॉर्वे आणि स्वीडन या देशांना धबधब्यांपासून जी वीज मिळते, ती याच्या नशिबीं नाहीं. दगडी कोळसा नांवापुरताच. पूर्वीं रानें होतीं. परंतु जहाजांसाठीं, शेतांसाठीं व चुलींसाठीं तीं इतकीं तोडलीं गेलीं कीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं देशाचा फारच थोडा भाग झाडांखालीं उरला, आणि उरलेलें रान राखण्यासाठीं सरकारास १८०५ सालीं कायदा करावा लागला. पुढें कोळसा इंग्लंडांतून जहाजांनीं येऊं लागला. खेड्यांतील गरीब लोक दलदलींतील पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, खणून काढीत आणि उन्हांत वाळवून जाळीत.

एकच वस्तु विपुल होती, आणि ती म्हणजे वारा. पश्चिमेकडील समुद्रावरून येणारा वारा या सपाट प्रदेशावरून कोणताही अडथळा न होतां वाहत असतो. त्यावर पीठ दळण्याच्या चक्क्या शेंकडों वर्षें चालत आल्या होत्या. परंतु दळणाचें काम वारा पडला तर उद्यांवर टाकतां येतें. दिव्याचें काम तसें टाकतां येत नाहीं. ही अडचण पुढील सर्व कथेच्या मुळाशीं आहे.

१८६४ सालीं प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्याशीं झालेल्या युद्धांत डेन्मार्कचा पराभव झाला. श्लेस्विग आणि होल्स्टाइन हे समृद्ध प्रांत हातचे गेले आणि राष्ट्र एकदम लहान झालें. गेलेला मुलूख परत मिळविण्याचें बळ नव्हतें. तेव्हां उरलेल्या मुलुखांतील माणसें शहाणीं करावीं, या विचारानें देशांत एक चळवळ जोरांत आली. ग्रुन्टविग नांवाच्या धर्मोपदेशकानें व कवीनें शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठीं लोकविद्यालयांची कल्पना पूर्वींच मांडली होती. या शाळांत परीक्षा नसत आणि पदव्याही नसत. शेतीचीं कामें नसतील अशा महिन्यांत तरुणांनीं येऊन राहावें, इतिहास, वाङ्मय व विज्ञान ऐकावें आणि पुन्हां आपल्या गांवीं जावें, असा क्रम असे. पहिलें लोकविद्यालय १८४४ सालीं रॉडिंग येथें निघालें होतें. तें गांव गमावलेल्या मुलुखांत गेल्यामुळें तेथील कार्य नव्या सरहद्दीच्या अलीकडे आस्कोव या खेड्यांत १८६५ सालीं पुन्हां सुरू करण्यांत आलें. अशा शाळांतून बाहेर पडलेल्या शेतकऱ्यांनींच पुढें सहकारी दुग्धालयें काढलीं. त्यांतील पहिलें १८८२ सालीं येडिंग येथें स्थापन झालें. वाऱ्याच्या कथेंत या शाळांचें व सहकाराचें काय काम, असें कोणास वाटेल; परंतु त्यांच्यावांचून ही कथा झालीच नसती.

आस्कोवच्या शाळेंत १८७८ सालीं पॉल ला कूर नांवाचे एक शिक्षक दाखल झाले. १८४६ सालीं जन्मलेले हे गृहस्थ मूळचे हवामानशास्त्रज्ञ होते. कोपनहेगनच्या हवामानसंस्थेंत त्यांस वरची जागा होती आणि तारायंत्रासंबंधींच्या त्यांच्या शोधांमुळें त्यांचें नांव परदेशींही माहीत झालें होतें. तें सर्व सोडून ते खेड्यांत शिकवावयास आले. विजेचा प्रसार त्या वेळीं नुकताच सुरू झाला होता. ही नवी शक्ति शहरांतच राहिली, तर कारखाने, दिवे आणि तरुण माणसें सर्व शहरांतच जातील आणि खेडीं ओस पडतील, असें ला कूर यांस दिसत होतें. खेड्याच्या हातीं कोणती शक्ति आहे, याचा विचार करतां त्यांस वाराच दिसला. सरकारकडून अनुदान मिळवून १८९१ सालीं त्यांनीं आस्कोव येथें वीज उत्पन्न करणारी पवनचक्की उभारली.

पहिला प्रश्न सांठवणीचा. तत्कालीन विद्युत्संचायक फार महाग पडत. ला कूर यांनीं निराळीच युक्ति काढली. वाऱ्यापासून मिळालेली वीज पाण्यांतून सोडून त्यांनीं पाण्याचे हायड्रोजन आणि प्राणवायु असे दोन घटक वेगळे केले, ते टांक्यांत भरून ठेवले आणि लागतील तेव्हां जाळून त्यांच्या उजेडांत शाळा चालविली. १८९५ पासून सुमारें सात वर्षें आस्कोवची शाळा वाऱ्यानें निर्माण केलेल्या वायूवर उजळत होती. मधूनमधून वायूचा स्फोट होऊन खिडक्यांच्या कांचा फुटत, आणि त्या बदलून प्रयोग पुन्हां सुरू होत. दुसरा प्रश्न वाऱ्याच्या लहरीपणाचा. वारा क्षणांत जोराचा व क्षणांत मंद होई, तरी चक्कीपासून जनित्रास मिळणारी गति सारखी राहावी, यासाठीं त्यांनीं एक साधें नियामक यंत्र तयार केलें. तिसरा प्रश्न चक्कीच्या आकाराचा. एका नळकांड्यांतून पंख्यानें वारा सोडून त्यांत निरनिराळ्या आकारांचीं पातीं ठेवून त्यांनीं मोजमाप केलें. तेव्हां वेगानें फिरणारीं थोडींच पातीं पुष्कळ पात्यांपेक्षां अधिक काम देतात, असें त्यांस आढळलें.

एवढ्यावर ला कूर थांबले असते, तर विज्ञानाच्या इतिहासांत त्यांच्या नांवापुढें एक ओळ पडली असती. ते शिक्षक होते, म्हणून त्यांनीं पुढची गोष्ट केली. १९०३ सालीं त्यांच्या प्रेरणेनें वाऱ्याच्या विजेचा प्रसार करणारें एक मंडळ स्थापन झालें, आणि १९०४ पासून आस्कोव येथें खेड्यांतील कारागिरांना वीजकाम शिकविण्याचे वर्ग सुरू झाले. लोहार, सुतार, शेतकऱ्यांचे मुलगे येत, तारा जोडणें व जनित्र सांभाळणें शिकत आणि गांवीं जाऊन लहानसें वीजघर उभें करीत. वीजघर पुष्कळदां दुग्धालयाप्रमाणेंच गांवच्या सहकारी मालकीचें असे. पहिल्याच वर्गांत योहानेस यूल नांवाचा सतरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचें नांव ध्यानांत ठेवावें. तो या हकीकतींत पुन्हां येणार आहे. ला कूर १९०८ सालीं वारले.

त्यानंतर टंचाईचा पहिला प्रसंग आला. १९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें आणि तटस्थ असूनही डेन्मार्कला कोळसा व घासलेट मिळेनासें झालें. खेड्यांतील चक्क्यांस एकदम मोल आलें. १९१८ च्या सुमारास शंभरांहून अधिक ग्रामीण वीजघरें वाऱ्याची मदत घेत होतीं. युद्ध संपलें, बंदरांत कोळशाचीं जहाजें लागलीं, शहरांतील मोठ्या वीजघरांच्या तारा खेड्यांपर्यंत पोंचल्या, आणि चक्क्या एकामागून एक थांबल्या. दुसरा प्रसंग ९ एप्रिल १९४० रोजीं जर्मन सैन्यानें देश व्यापला तेव्हां आला. पुन्हां पीट खणणें सुरू झालें, जटलंडांतील हलक्या प्रतीचा तपकिरी कोळसा उकरून काढण्यांत आला, आणि सिमेंटचीं यंत्रें बनविणाऱ्या एका कंपनीनें दोन व तीन पात्यांच्या नव्या पवनचक्क्या उभारल्या. १९४५ सालीं देश मुक्त झाला आणि पुन्हां तोच क्रम घडला. लोक कृतघ्न होते असें नव्हे. परदेशचा कोळसा आणि त्यामागून आलेलें तेल स्वस्त होतें, आणि घरखर्चाचा हिशेब आजच्या भावावर होत असतो. मागच्या लढाईंतील भाव त्यांत कोणी धरीत नाहीं.

एक मनुष्य मात्र विसरला नव्हता. आस्कोवच्या वर्गांतील तो सतरा वर्षांचा मुलगा, योहानेस यूल, आतां साठीच्या घरांत आलेला अनुभवी वीजतज्ज्ञ होता. एका वीजकंपनीच्या नोकरींत राहून त्यांनीं चक्क्यांचे प्रयोग पुन्हां आरंभिले, आणि १९५७ सालीं देशाच्या दक्षिण टोंकास गेडसर येथें २०० किलोवॅटची चक्की उभी केली. तिच्या खर्चास अमेरिकेच्या मार्शल योजनेंतील पैशाची मदत झाली होती. तीन पातीं, तीं वाऱ्याकडे तोंड करून फिरणारीं. वारा अनावर झाला तर पात्यांचीं टोंकेंच वळून वेग रोखीत. आणि वीज सरळ सार्वजनिक तारांत सोडलेली. वारा पडला कीं इतर वीजघरें ती उणीव भरून काढीत, त्यामुळें सांठवणीचा जुना प्रश्नही बराचसा सुटला. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर तीन पात्यांच्या ज्या उंच चक्क्या आपण पाहतों, त्यांच्या पूर्वजांचा माग काढीत गेल्यास तो या गेडसरच्या चक्कीपाशीं पोंचतो. ती चक्की फारशी दुरुस्ती न करावी लागतां १९६७ पर्यंत चालली. परंतु तज्ज्ञांच्या समितीनें १९६२ सालींच हिशेब करून सांगितलें होतें कीं या विजेस परदेशी इंधनाच्या विजेहून अधिक खर्च येतो. हिशेब त्या दिवसाच्या भावानें बरोबर होता. चक्की थांबली. यूल १९६९ सालीं वारले. पुढें चारच वर्षांनीं रस्ते ओस पडले.

आतां तिसरा प्रसंग. १९७३ नंतर सरकारपुढें व मोठ्या वीजकंपन्यांपुढें जो मार्ग होता, तो अणुशक्तीचा. ही शक्ति डेन्मार्कला परकी नव्हती. नील्स बोर या जगद्विख्यात शास्त्रज्ञाच्या पुढाकारानें रिसो येथें अणुसंशोधनाचें केंद्र १९५८ सालीं उघडलें होतें. १९७६ च्या सरकारी इंधनयोजनेंत तेलाच्या जागीं कोळसा व अणुशक्ति आणावी, असें धोरण मांडलें होतें. या धोरणास विरोध करणाऱ्यांनीं १९७४ सालीं एक संघटना स्थापिली होती. तिच्या नांवाचा अर्थच ‘अणुशक्तीविषयीं माहिती देणारी संघटना’ असा होता, आणि तिची पहिली मागणी बंदीची नसून मुदतीची होती: तीन वर्षें थांबा, लोकांना समजूं द्या, मग ठरवा. ऑर्हुस येथील ॲन लुंड या विद्यार्थिनीनें १९७५ सालीं हंसऱ्या सूर्याचें एक चिन्ह काढलें. त्याच्या भोंवतीं ‘अणुशक्ति? नको, आभारी आहों’ असे शब्द होते. तें चिन्ह पुढें अनेक भाषांतून जगभर पसरलें. विरोधकांपैकीं कांहीं विद्वानांनीं नुसता नकार न देतां १९७६ सालींच एक पर्यायी योजना आंकड्यांनिशीं प्रसिद्ध केली, हें विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. त्याच काळांत स्वीडनच्या किनाऱ्यावर, कोपनहेगनपासून सुमारें २० किलोमीटरांवर, बार्सेबेकचें अणुकेंद्र चालू झालें. राजधानींतील लोकांना तें खाडीपलीकडे डोळ्यांनीं दिसत होतें, त्यामुळें हा वाद पुस्तकी राहिला नाहीं.

वाद चालू असतांना कांहीं माणसें कामास लागलीं होतीं. क्रिस्टियन रिसेगर नांवाच्या सुतारानें गेडसरच्या चक्कीचा नमुना लहान करून आपल्या घराच्या आवारांत २२ किलोवॅटची चक्की उभी केली आणि ती सार्वजनिक तारांस जोडली. पश्चिम जटलंडांत ट्विंड येथील शाळांच्या शिक्षकांनीं व स्वयंसेवकांनीं मिळून १९७५ ते १९७८ या काळांत एक अवाढव्य चक्की बांधली. ती दोन मेगावॅटची, म्हणजे गेडसरच्या दसपट शक्तीची होती. शेतीचीं अवजारें व गाड्या बनविणारे कारखानेही या धंद्यांत उतरले. लेम गांवांत १८९८ सालीं एका लोहाराच्या भात्यापासून सुरू झालेली वेस्टास कंपनी १९७९ सालीं चक्क्या विकूं लागली. सरकारनेंही त्यांस हात दिला. चक्की बसविणाऱ्यास खर्चाच्या शेंकडा ३० पर्यंत साह्य १९७९ पासून मिळूं लागलें. मात्र चक्कीची परीक्षा होऊन ती पास झाली पाहिजे अशी अट होती, आणि परीक्षेचें ठाणें १९७८ सालीं रिसोच्या त्या अणुकेंद्रांतच उघडण्यांत आलें होतें.

शेवटीं २९ मार्च १९८५ रोजीं डॅनिश लोकसभेनें ठराव केला कीं देशाच्या पुढील इंधनयोजनेंत अणुशक्तीस स्थान असणार नाहीं. चेर्नोबिलचा अपघात यानंतर तेरा महिन्यांनीं झाला. म्हणजे हा निर्णय भीतीच्या लाटेंत झालेला नव्हता, अकरा वर्षांच्या सार्वजनिक वादानें झालेला होता. तो योग्य कीं अयोग्य, याविषयीं मतभेद असूं शकतो. कोळसा जाळणाऱ्या देशानें अणुशक्ति नाकारावी यांत विसंगति आहे, असें म्हणणारे तेव्हांही होते व आजही आहेत.

याहून मोठी कसोटी पुढल्याच वर्षीं लागली. १९८६ च्या आरंभीं जगांत तेलाची किंमत धाडकन् कोसळली. १९१८ आणि १९४५ नंतर जें घडलें तेंच आतां घडावयाचें: स्वस्त तेल येणार, भिंतींतून ऊब निसटूं नये म्हणून केलेला खर्च व्यर्थ वाटणार, चक्क्या थांबणार. डेन्मार्कच्या सरकारनें या वेळीं तेलावरील व कोळशावरील कर वाढविला. बाजारभाव जितका उतरला, त्याचा बराचसा भाग करानें भरून निघाला आणि गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें इंधन महागच राहिलें. हा निर्णय लोकप्रिय होण्यासारखा नव्हता. माझ्या मतें डेन्मार्कच्या इंधननीतीचा खरा आरंभ पहिल्या चक्कींत किंवा १९७३ च्या रिकाम्या रस्त्यांत शोधूं नये, तो या करांत शोधावा. आधींच्या दोन पिढ्यांना टंचाईनें शिकविलें होतें. या पिढीनें तें शिक्षण स्वस्ताईच्या दिवसांतही चालू ठेवलें. पुढें १९९२ सालीं कर्बवायूवर निराळा कर बसला.

दुसरा कायदा उबेचा. कोळसा जाळून वीज केली म्हणजे त्याच्या उष्णतेचा निम्म्याहून अधिक भाग सामान्यतः समुद्राच्या पाण्यांत अथवा हवेंत फुकट जातो. तें तापलेलें पाणी नळांतून घरोघर फिरविलें तर एकाच कोळशांत वीजही होते आणि घरही तापतें. कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्ग या गांवानें केरकचरा जाळून इस्पितळासारख्या इमारतींस ऊब देण्याची सोय १९०३ सालींच केली होती. १९७९ च्या उष्णतापुरवठ्याच्या कायद्यानें हीच कल्पना देशभर लागू झाली. कोणत्या भागांत नळाची ऊब न्यावयाची व कोणत्या भागांत वायु, याचे नकाशे नगरपालिकांनीं ठरविले. नळाची सोय झाली असेल तेथें ती घेण्याची सक्तीही करतां येऊं लागली. आज त्या देशांतील तीन घरांपैकीं जवळजवळ दोन घरें अशा सार्वजनिक नळांवर तापतात. चक्क्यांचें चित्र जगभर छापलें जातें, परंतु जमिनीखालच्या या नळांनीं वाचविलेलें इंधन कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं.

तिसरी गोष्ट मालकीची. उंच चक्की घराजवळ उभी राहिली म्हणजे तिचा आवाज येतो, सांवली पडते, आणि शेजाऱ्याचा कपाळशूळ उठतो. नफा परगांवच्या भांडवलदाराकडे जात असेल तर हा त्रास कोणीं कां सोसावा? डॅनिश शेतकऱ्यांना दुग्धालयांचा अनुभव होता. त्यांनीं तसेच संघ काढून चक्क्या घेतल्या, आणि भाग घेण्याचा हक्क बरींच वर्षें आसपास राहणाऱ्यांपुरताच ठेवण्यांत आला होता. शतकाच्या अखेरीस एक लाखाहून अधिक कुटुंबांचे भाग अशा चक्क्यांत होते. कोपनहेगन बंदराबाहेर मिडलग्रुंडेन येथें २००० सालीं समुद्रांत वीस चक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतील निम्म्या आठ हजारांहून अधिक सभासदांच्या संघाच्या होत्या. सुमारें चार हजार वस्तीच्या सामसो बेटाची १९९७ सालीं निवड झाली, आणि दहा वर्षांत त्या बेटानें वारा, सूर्य व शेतांतील पेंढा यांवर आपला इंधनाचा जमाखर्च जुळवून दाखविला. समुद्रांत चक्क्या उभारण्याचा जगांतील पहिला प्रयोगही याच देशांत, विंडेबी येथें १९९१ सालीं झाला होता. तेथील अकरा चक्क्या पंचवीस वर्षें चालून २०१७ सालीं उतरविण्यांत आल्या.

येथवर ऐकून श्रोत्यांस वाटेल कीं हें एक आदर्श राष्ट्र आहे. तसें सांगणें सत्यास सोडून होईल. ज्या वर्षांत चक्क्यांचें कौतुक चाललें होतें, त्याच वर्षांत तेथील बहुतेक वीज परदेशी कोळशापासून होत होती. उत्तर समुद्रांतील तेल काढण्याचा सर्वाधिकार १९६२ सालीं एका व्यापाऱ्याच्या कंपनीस देण्यांत आला होता. १९७२ पासून तें तेल निघूं लागलें, आणि १९९७ सालीं डेन्मार्क इंधनाच्या बाबतींत स्वयंपूर्ण झाला तो मुख्यतः या तेलाच्या व वायूच्या बळावर, वाऱ्याच्या नव्हे. वाऱ्याच्या विजेस नॉर्वे व स्वीडनच्या धबधब्यांची जोड आहे; वारा पडला कीं समुद्राखालच्या तारांतून तिकडची वीज येते, वारा वाढला कीं इकडची तिकडे जाते. हे शेजारी नसते तर हिशेब इतका सोपा नव्हता. २००१ सालीं आलेल्या नव्या सरकारनें साह्य कमी केलें आणि पुढें कांहीं वर्षें जमिनीवर नव्या चक्क्या जवळजवळ उभ्याच राहिल्या नाहींत. म्हणजे विसरण्याची जुनी खोड पुरती गेली नव्हती. कोळशाच्या जागीं आतां पुष्कळ ठिकाणीं लांकडाच्या गोळ्या जाळतात, आणि त्यांतील बऱ्याच परदेशच्या रानांतून येतात. करांमुळें तेथील घरगुती वीज बरींच वर्षें युरोपांतील महाग विजेंत गणली जात असे.

तरीही जमेची बाजू मोठी आहे. अलीकडच्या वर्षांत डेन्मार्कला लागणाऱ्या विजेपैकीं निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून होते. डिसेंबर २०२० मध्यें लोकसभेंतील बहुमतानें ठरविलें कीं उत्तर समुद्रांत तेलाचे नवे परवाने द्यावयाचे नाहींत आणि २०५० सालीं उपसा बंद करावयाचा. उत्पन्न देणारी खाण स्वतः मिटण्याची तारीख ठरविणारे तेलउत्पादक देश जगांत थोडे आहेत. १९८५ चा ठरावही तेथें कोणी पवित्र मानीत नाहीं. २०२५ सालीं सरकारनें अणुशक्तीच्या नव्या प्रकारांची चौकशी करण्याचें जाहीर केलें, आणि जुना वाद नव्या आंकड्यांनिशीं पुन्हां उघडला.

या देशास वारा निसर्गानें दिला हें खरें. पण तसा वारा इतर देशांच्या किनाऱ्यांवरही वाहत होता. आस्कोवच्या वर्गांत एका शिक्षकानें सतरा वर्षांच्या मुलाला कांहीं शिकविलें, तें त्यानें त्रेपन्न वर्षें जपून गेडसरला उभें केलें, आणि त्याच्या मृत्यूनंतर एका सुतारानें तें पुन्हां हातीं घेतलें. मधल्या काळांत सरकार, कंपन्या व समित्या यांचे हिशेब दोनदां बदलले. माणसांच्या स्मरणानें हा धागा कसाबसा तुटतां तुटतां राहिला. १९८६ सालीं तो कायद्याच्या हातीं दिला गेला, म्हणून आज तेथें वाऱ्याची वीज आहे. १९७३ च्या त्या रविवारीं रस्त्यांत खेळलेलीं मुलें आतां म्हातारीं झालीं आहेत. त्या दिवसाची मौज त्यांना आठवत असेल. त्यांच्या वडिलांना टोंचणारा प्रश्न त्यांच्या नातवंडांना पुन्हां टोंचूं नये, एवढ्यासाठीं तीं आजही तो महाग कर भरीत आहेत.